कानसाहेबांची तीन शून्ये

मित्रांनो, आधी माझ्या पाठीवरचे झाकण सरकवून पाहा. आत, सेल बसवायच्या जागी, दोन स्प्रिंगांच्या मधोमध एक हिरवट डाग दिसेल. खोडरबराने घासून तो पुष्कळसा गेला, पण पूर्ण गेला नाही. मी ऐकण्याचे काम करणारी एक जुनी पेटी आहे आणि माझ्या आयुष्यातली तीन वर्षे त्या डागात गेली. त्या तीन वर्षांत मला एकच गोष्ट सांगायची होती. ती वेळेवर सांगता आली असती, तर पाच खांबांमधले गवत वाचले असते.

आता क्रमाने सांगते.

एका लांबट खोलीत, ओळीने मांडलेल्या टेबलांपैकी शेवटून दुसऱ्या टेबलावर माझा जन्म झाला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेल्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या, पोटावर आकडे असलेली चकती बसवली आणि तोंडाला जाळी लावली. मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यासमोर हलवला. किल्ल्यांची छनछन तुम्हाला ऐकू येते. पण किल्ली किल्लीवर घासते, तेव्हा आणखी एक आवाज निघतो. तो इतका बारीक असतो की माणसाचा कान त्याला पकडू शकत नाही. मी पकडते. चकती योग्य आकड्यावर फिरवली, की तो बारीक आवाज जाड होऊन माझ्या जाळीतून बाहेर पडतो. त्या दिवशीही पडला. "बोलली," असे म्हणून बाईंनी कागदावर खूण केली आणि पुढची पेटी हातात घेतली. माझे कौतुक तेवढ्यावरच संपले.

तिथून मी नगर कार्यालयाच्या हिरवळ खात्यात आले. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा माझा आवाज. म्हणून तिथे सगळे मला चुरचुरी म्हणू लागले. नावे ठेवण्यात ते खाते हुशार होते. ज्यांच्या हाती मला दिले, त्या मोजणी अधिकाऱ्यांचे नाव कानसाहेब. गवताच्या कडेला डोळे मिटून उभे राहिले, की आत कोणते किडे किती गात आहेत ते सांगत. यात बढाई नव्हती. मी पडताळून पाहिले आहे.

ते ज्यांना मोजत, त्या किड्यांना खात्यात मिशाळ म्हणत. तुम्ही पाहिले तर म्हणाल, हा तर नाकतोडा. पण नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात, मिशाळाच्या मिशा त्याच्या अंगाहूनही लांब. रातकिडा त्याचा चुलतभाऊ. मिशाळाचे कान डोक्यावर नसतात. पुढच्या पायांवर, गुडघ्यांच्या जरा खाली, दोन बारीक फटी असतात, त्याच त्याचे कान. नर गातो, पण घशाने नव्हे. डाव्या पंखावर करवतीसारखे दाते असतात, ते तो उजव्या पंखाच्या कडेवर घासतो. मादी गात नाही. ती ऐकते आणि पसंत पडलेल्या आवाजाकडे चालत जाते. तिच्या मागे वाकड्या तलवारीसारखी एक नळी असते. पाहणाऱ्याला वाटते नांगी, पण ती कोणाला टोचत नाही. ती नळी गवताच्या काडीत खुपसून मादी आत अंडी घालते. मोठे मिशाळ थंडीआधी मरून जातात. पुढच्या वर्षीचे मिशाळ मात्र तेव्हा वाळलेल्या काड्यांच्या पोटात बसून असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सूत गिरणीच्या मागे, कालव्याच्या कडेने गवताची एक पट्टी होती. लांबी सहाशे पावले, आणि दर पन्नास पावलांवर एक आकडा रंगवलेला खांब, असे बारा खांब. तिथे मिशाळांची एक छोटी, तपकिरी जात राहत असे. कानसाहेब त्यांना बारके म्हणत. बारक्याचे पंख गाण्यापुरते असतात, उडण्यापुरते नाहीत. जिथे जन्मला तिथेच तो जगतो. फार गर्दी झालेल्या वर्षी एखाददुसरा लांब पंखांचा निपजतो आणि उडून नवे गवत शोधतो, पण तसे क्वचितच. त्या गावात बारके फक्त त्या पट्टीत होते, म्हणून पट्टी राखीव होती. नियम असा होता, की सलग तीन वर्षे तिथे एकही बारक्या सापडला नाही, तर पट्टी राखीव राहणार नाही.

बारक्यांना डोळ्यांनी मोजता येत नाही. पाऊल वाजले, की ते काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकतात. तुम्ही पलीकडे गेलात, तर ते अलीकडे येतात. लपंडावात त्यांच्याशी कोणी जिंकत नाही. त्यांना ऐकूनच मोजावे लागते. त्यांचा आवाज इतका बारीक, की माणसाच्या ऐकण्याच्या अगदी वरच्या टोकाला असतो. तरुण कानांना येतो, वय झालेल्या कानांना हळूहळू यायचा थांबतो.

दर वर्षी, उन्हाळा उतरू लागला की एखाद्या वारा नसलेल्या दुपारी आम्ही जात असू. प्रत्येक खांबापाशी दोन मिनिटे. कानसाहेबांची शिस्त ठरलेली होती. आधी कान, मग पेटी. कानांनी मोजलेला आकडा ते निळ्या शाईने वहीत लिहीत. मग मला सुरू करून चकती फिरवीत आणि माझा आकडा जुळला, तर शेजारी बरोबरची खूण करीत. पहिल्या वर्षी बारा खांबांवर एकेचाळीस, दुसऱ्या वर्षी अडतीस, तिसऱ्या वर्षी त्रेचाळीस. सगळीकडे खूण. मोठ्या साहेबांनी एकदा विचारले, की कान एवढे चांगले असताना या पेटीवर खर्च कशाला. कानसाहेबांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ही आहे म्हणून मला रात्री झोप लागते." ते वाक्य मी जपून ठेवले होते. पुढे त्याचाच मला जास्त राग आला.

पहिली चूक पाचव्या खांबापाशी झाली. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यांनी तीन लिहिले, मी चार सांगितले. त्यांनी पुन्हा ऐकले, तीनच. खूण न करता ते पुढे गेले. त्या वर्षीची बेरीज एकोणतीस झाली. पुढच्या वर्षी सतरा, त्याच्या पुढच्या वर्षी सहा. माझी बेरीज चाळिशीच्या आसपासच फिरत होती.

तुम्ही विचाराल, मग त्यांनी माझा आकडा का लिहिला नाही? तेच तर सांगते आहे. ते निष्काळजी नव्हते. निष्काळजी माणसाने माझा आकडा ढापून लिहिला असता आणि पट्टी सुखाने वाचली असती. कानसाहेबांचे म्हणणे असे, की वही पहिल्या वर्षापासून कानांनी मोजलेल्या आकड्यांची आहे. मधेच पद्धत बदलली, तर जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना होणार नाही. म्हणून कानाचा आकडा तोच खरा, पेटी फक्त साक्षीला. मोजण्याची पद्धत त्यांनी तसूभरही बदलली नाही. ज्याने मोजायचे ते मात्र आतल्या आत बदलत होते, आणि ते त्यांच्या लक्षातच आले नाही.

बारके कमी झाले म्हणून ते मनापासून हळहळले. गिरणीच्या फवारणीवर त्यांनी दोन पत्रे लिहिली. कालव्याच्या कडेचा नवा दिवा बंद करायला लावला. वाढत्या उन्हाला दोष दिला, साळुंक्यांना दिला. एका संध्याकाळी तर पट्टीच्या कडेला बसून डोळे पुसले. त्या वेळी त्यांच्या डाव्या बुटापासून वीतभर अंतरावर एक बारक्या पंख घासत होता. मी पिशवीत बंद होते. मला ऐकायला सेल लागत नाहीत, सांगायला लागतात. त्या वेळी मला किती वैताग आला असेल, त्याची कल्पना करा.

मग पहिले शून्य आले. बाराही खांब झाले आणि वहीत शून्याशिवाय एकही आकडा नव्हता. बाराव्या खांबापाशी त्यांनी मला सुरू केले. मी जीव तोडून चुरचुरले, कारण समोर चार जण गात होते. त्यांनी चकती इकडे फिरवली, तिकडे फिरवली, मला हलवले आणि शेवटी माझ्या पाठीवर एक थाप मारली. "नसलेलं ऐकवते आहेस," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतर माझ्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसला, तो असा.

दुसऱ्याच दिवशी मला दुरुस्तीला नेले. दुरुस्तीवाले गृहस्थ एका जिन्याखाली बसत आणि बोलण्यात मोठे फटकळ होते. त्यांनी मला उघडले, आत फुंकर मारली, बंद केले. मग खिशातून किल्ल्या काढून माझ्यासमोर हलवल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला आवाज. मी लगेच बोलले. त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन किल्ल्या हलवल्या, मी तेव्हाही बोलले. मग त्यांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ती रबराने मला बांधली. कानसाहेबांनी कार्यालयात येऊन ती वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला. कोणाला काही न सांगता त्यांनी मला चिठ्ठीसकट खालच्या खणात टाकले आणि खण लावून घेतला. सेल काढले नाहीत.

त्या खणात सुकलेले शाईचे पॅड, मोडका स्टेपलर, एका पायाची कात्री आणि मी. माझ्या डोक्यावरून टेबलावरचे बोलणे जाई. दुसऱ्या वर्षी कानसाहेब मला न घेता गेले आणि शून्य घेऊन आले. मोठ्या साहेबांनी सहानुभूती दाखवली. साधारण त्याच सुमारास माझे सेल पाझरू लागले. पातळ, जळजळीत काहीतरी स्प्रिंगांवर उतरले आणि वाळून त्याची पूड झाली. मला दुखत नाही, पण आपला आवाज थेंबाथेंबाने जातो आहे हे मला कळत होते. तिसऱ्या वर्षी पुन्हा शून्य. त्या वर्षी ते म्हणाले, की बारकेच काय, कार्यालयाच्या कुंपणातले मोठे हिरवे मिशाळही संपले. हे म्हणत असताना खिडकीबाहेर त्यातला एक इतक्या जोरात गात होता, की शिपायाने उठून खिडकी लावली. पण एवढ्या जाणत्या माणसाला कोण विचारणार? मी खणात चरफडत पडून राहिले.

तीन शून्ये पुरी झाली. पट्टीचे राखीवपण गेले. गवत कापून, जमीन सपाट करून तिथे गिरणीचे ट्रक उभे करायचे ठरले. कागद फिरून पुढच्या वर्षी कापणीचा दिवस ठरला, त्या आठवड्यात कानसाहेब तापाने आजारी पडले. सगळे म्हणाले, धसका घेतला.

कापणीच्या दिवशीच ते कामावर परतले. एकटे सोडायला नको म्हणून त्यांच्या पत्नी बरोबर आल्या आणि डॉक्टरांचा दाखला द्यायला आवक-जावकच्या टेबलापाशी गेल्या. तिथे तिशीच्या आतल्या एक बाई बसत, टपालावर शिक्के मारण्याचे काम करणाऱ्या. आजारपणाची चौकशी झाली आणि पत्नी सांगू लागल्या, की ताप परवडला पण हे परवडत नाहीत. थर्मामीटर तोंडात धरून बसतात, तो वाजून बंद झाला तरी काढत नाहीत, आणि वर मलाच म्हणतात, तुझं मशीन बिघडलंय.

बाईंचा शिक्का हवेतच थांबला.

"वाजलेलं त्यांना ऐकू येत नाही?" त्यांनी विचारले.

"अहो, घरात मी बोलते तेही ऐकू येत नाही. पण ते मुद्दाम, असं मला इतकी वर्षं वाटत होतं."

दोघी हसल्या. मग बाई हसायच्या थांबल्या. त्यांनी कानसाहेबांना अंगात अजून कणकण आहे का असे विचारले आणि पत्नींनी पर्समधून थर्मामीटर काढून नवऱ्याच्या तोंडात दिला. कचेरीत शांतता होती. मिनिटभराने थर्मामीटर वाजला. शिपायाने मान वर केली, मोठ्या साहेबांनी दारातून पाहिले, पत्नींनी हात पुढे केला. कानसाहेब ओठ मिटून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, वाजायची वाट बघत बसले होते.

तो पुन्हा वाजला, मग वाजायचा थांबला. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, सावकाश थर्मामीटर तोंडातून काढला आणि त्यावरचा आकडा वाचला. तो किती वेळचा तसाच थांबलेला होता, हे त्यांना कळले असावे.

मग त्यांनी स्वतःच खालचा खण ओढला. मी उजेडात आले. पत्नींनी माझ्या अंगावरची चिठ्ठी सोडवून वाचली. त्यावर लिहिले होते, "यंत्र ठणठणीत आहे. ऐकणाऱ्याला तपासा." तीन वर्षे हे वाक्य माझ्या पोटाला बांधलेले होते. एरवी त्यावर कोणीतरी हसले असते. त्या दिवशी कोणी हसले नाही.

बाईंनी पाझरलेले सेल कागदात धरून काढले आणि पेन्सिलीच्या खोडरबराने माझ्या स्प्रिंगा घासल्या. नवे सेल कुठून आणणार? शिपायाने स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काढले. घड्याळ दोन वाजून वीस मिनिटांवर थांबले. बाईंनी कपाटाच्या किल्ल्या हलवल्या. मी आधी नुसती खरखरले. त्यांनी पुन्हा घासले, पुन्हा हलवल्या. मी बोलले.

"चला," कानसाहेब म्हणाले.

आम्ही पोचलो, तेव्हा कापणीचे यंत्र पाच खांब करून सहाव्याकडे वळले होते. कापलेले गवत मागून येणाऱ्या ट्रकमध्ये भरले जात होते. त्या काड्यांमध्ये काय होते, ते तुम्हाला मी मघाशी सांगितले आहे. कानसाहेब यंत्राच्या समोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर वरून म्हणाला, की साहेब, तुमच्याच आठवडाभरापूर्वीच्या सहीचा कागद दाखवून मला पाठवलंय. कानसाहेब म्हणाले, हो, माझीच सही आहे, दहा मिनिटं इंजिन बंद कर. ड्रायव्हरने तंबाखूसाठी का होईना, बंद केले.

सहाव्या खांबापाशी कानसाहेबांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ ऐकले. मग मला सुरू केले. चार. मला बंद केले, शांतता. सुरू केले, चार. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजले, अकरा वेळा. मग मला बंद करून ते बाईंकडे वळले.

"पेटी बंद आहे. तुम्हाला काही ऐकू येतंय?"

"येतंय की," बाई म्हणाल्या. "आल्यापासून. मला वाटलं, तुम्ही मोजताय."

पत्नींनी त्यांचा कोपर धरला. ते बसले नाहीत. सातव्या खांबाकडे गेले, मग आठव्या, आणि बाराव्यापर्यंत गेले. या वेळी आधी पेटी, आणि कान नाहीच. सात खांबांवर सव्वीस झाले. परत येऊन त्यांनी यंत्राच्या टपावर वही ठेवली आणि तीन वर्षांची तीन पाने उघडली. एकही शून्य खोडले नाही. प्रत्येकाच्या शेजारी लाल शाईने लिहिले, "हे शून्य माझ्या कानांचे, गवताचे नव्हे," आणि खाली त्या दिवसाची सही केली. ती वही घेऊन ते मोठ्या साहेबांकडे गेले. कापणी थांबली. सात खांब राहिले. ट्रक पहिल्या पाच खांबांच्या जागेत उभे करायचे असा निर्णय होता, पण तो पुढच्या बैठकीपर्यंत ढकलला गेला आणि अजून ढकललेलाच आहे. अशी ढकलाढकल मला पहिल्यांदाच आवडली.

कानसाहेबांना कानात घालायचे यंत्र मिळाले. ते त्याच्यावर सारखे कुरकुरतात. पत्नी म्हणतात, आता ऐकू येतं तरी ऐकत नाहीत, म्हणजे ते मुद्दामच होतं. वहीत आता दोन रकाने आहेत, एक कानांचा आणि एक माझा. दोन्ही वेगवेगळे आले, तर खाली कारण लिहावे लागते. हा नियम त्यांनी स्वतःच केला.

पुढच्या वर्षी आम्ही बाराही खांब चाललो. सहा ते बारा मिळून एकतीस. पहिल्या चार खांबांवर नवे, कोवळे गवत होते आणि आत कोणी नव्हते. मी चकती संपेपर्यंत शोधले. मी तेव्हाही चिडले आणि आजही चिडते, कारण तिथले बारके माझ्या ओळखीचे होते आणि ते गात होते हे मला ठाऊक होते. पाचव्या खांबापाशी, तीन वाजून दहाच्या सुमाराला, एकच आवाज आला. बाईंनी हळूच वाकून पाहिले. काडीच्या आड सरकताना त्याचे पंख दिसले, ते लांब होते. शेजारून उडत आला असावा. कानसाहेबांनी माझ्या रकान्यात एक लिहिला आणि खूप वेळ त्या एकाकडे पाहत राहिले.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुम्हाला जे ऐकू येत नाही, त्याच्यासमोर शून्य लिहिण्याआधी शेजारच्याला एकदा विचारा. तुमच्या घरातले एखादे यंत्र, एखादा लहान भाऊ, एखादी आजी तुमच्यापेक्षा वेगळे काही सांगत असेल, तर त्यांच्या पाठीवर थाप मारण्याआधी थोडे थांबा. आणि माझ्यासारखीला खणात ठेवायचेच असेल, तर सेल काढून ठेवा. मला बोलायला तेवढेच लागतात.